शेंदराचं पहिलं बोट

सुमलीमाय, तू भांडण अर्धवट टाकून गेलीस, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

पहिलं बोट कुणाचं, तुझं की माझं, हा आपला वाद इतकी वर्षं चालला. मागच्या भेटीतही तू चुलीपुढे भाकरी थापता थापता "माह्यंच व्हतं" म्हणालीस आणि माझ्या ताटात आणखी एक गरम भाकरी टाकलीस. म्हणजे माझं तोंड बंद. पुढच्या खेपेला तुला ऐकायलाच लावायचं, असं मी एस.टी.त बसल्याबसल्या ठरवलं होतं. पुढची खेप झाली ती तुला माती द्यायला.

त्याला आता आठवडा झाला. रडून झालंय. मेहकरच्या घरी बसून हे लिहितेय आणि मध्येच मला हसू फुटतंय. नवरा दोनदा डोकावून गेला, बायकोचं डोकं ठिकाणावर आहे ना बघायला. काल तुझ्या अंगणात सगळं गाव जमलं होतं आणि तिथे मी एक गोष्ट कबूल केली. तू असतीस तर बोलू दिलं नसतंस. पण ते शेवटी सांगते, आधी पहिल्यापासून. तुला सगळं माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. पण तू दर वेळी मधले भाग आपल्या सोयीने बदलायचीस. आज एकदा मला माझ्या पद्धतीने सांगू दे.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती ब्लँकेटं घेऊन. मे महिन्यात! जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तुमचं कोरकूंचं गाव, आणि सकाळी दहालाच अंगाची लाही होत होती. तुमच्या डोंगरात काळ्या पाषाणाखाली तांबं आहे का, हे आमच्या कंपनीला बघायचं होतं. त्यासाठी जमिनीला खोल भोकं पाडायची आणि त्याआधी गावाचं मन वळवायचं. हे मन वळवायचं काम माझं. 'समाज संपर्क अधिकारी' अशी पाटी गळ्यात. मी जानेफळची, शेतात वाढलेली, वर समाजकार्याची पदवी घेतलेली. खेड्यातल्या माणसाशी बोलणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटायचं. ब्लँकेटांचा महिना मात्र मुख्यालयाने ठरवला होता, आणि मीही तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या मोठ्या साहेबांनी तुझ्या हातात ब्लँकेट दिलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. तू जागची हलली नाहीस. मला विचारलंस, "काऊन वं बाई, हा मानूस देते मले, अन् पाह्यते कुठी? त्या फोटोवाल्याकडं. मंग त्यालेच द्याचं ना."

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर ते ब्लँकेट ओलं करून तू पाण्याच्या रांजणाभोवती गुंडाळलेलं. कंपनीचं नाव बरोबर समोर, ठिबकतंय. मी रागावले. खरंच रागावले, नवी नोकरी होती. तू लोटाभर पाणी दिलंस. इतकं गार पाणी मी त्या उन्हाळ्यात दुसरं प्यायले नाही. मग मी आणखी एक लोटा मागितला.

मग ग्रामसभा. माझ्याजवळ सह्या-अंगठ्यांची वही होती. तू म्हणालीस, आधी सगळं वाचून दाखव. मी वाचलं. तू म्हणालीस, आता आमच्या बोलीत सांग. मला येईना, मग तुझ्या लेकाने, रामलालने सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तू विचारलंस, "हे तं तुमी काय करसान ते झालं. आमाले काय पाह्याले भेटन, ते कुठी लिवलं?"

मी म्हटलं, गावाला स्वागतकमान बांधून देणार आहोत.

"कमानीखालून रोज काय जाते? बकऱ्या. त्याईले काय कमान पायजे? त्यापरीस पिठाची गिरनी द्या. दळन घेऊन उन्हातान्हाचं खालच्या गावाले जा लागते." सगळ्या बाया हसल्या आणि माना हलवल्या. पण तुझं खरं मागणं पुढेच होतं. "अन् दुसरं आयक. आमच्या घरची पेटी उघडून राह्यले ना तुमी? मंग अंदर काय निघालं ते साऱ्या गावाले दाखवा. झाकून न्याचं नाई."

जमिनीतून निघालेला दगड गावाला दाखवायचा, हे आमच्या कुठल्याही कागदात नव्हतं. मी नागपूरला फोन लावला. आमचे भूवैज्ञानिक साहेब शांत माणूस, त्यांनी विचार करून होकार दिला. फक्त एक अट घातली. आधी नमुने कापून प्रयोगशाळेत जातील, मग दगड दाखवा. त्याआधी कुणाचा हात लागता कामा नये. मी हो हो म्हटलं.

तिसरी गोष्ट तू कुणाला विचारून केलीच नाहीस. डोंगराच्या कडेला मोहाच्या झाडाखाली तुमचे मुंडे उभे आहेत. गेलेल्या माणसाच्या नावानं सागाची पाटी कोरायची, सूर्य, चंद्र, घोडा काढायचा, सिडोलीचा सोहळा करून ती तिथे उभी करायची, की तो माणूस पूर्वजांत जाऊन बसतो. हे मला मागाहून कळलं. आमच्या मोजणीवाल्याने बरोबर तिथेच लाल रंगाची खुंटी ठोकली होती. तू ती उपटून माझ्यापुढे आणून ठेवलीस. "हे काय उगवलं वं आमच्या सासऱ्यापाशी?" भूवैज्ञानिक साहेबांनी शब्द दिला, पहिलं भोक खाली ओढ्याकाठी घेऊ. वर जायचं ते खाली काही सापडलं तरच.

भोक पडलं. आतून दगडाचे लांब गोल दांडे निघाले. ड्रिलवाले त्याला कोअर म्हणतात. लांबट पेट्यांत ते ओळीने लावून ठेवायचे, वरचा थर पहिल्या पेटीत, सगळ्यात खालचा शेवटच्या. प्रयोगशाळेची गाडी ठरल्या दिवशी आलीच नाही. साहेबांची आई शेगावला दर्शनाला आली होती, ते तिकडे गेलेले. आणि गावात दगड बघायचा दिवस तर सांगून झालेला. शेजारच्या पाड्यांवरून पाहुणे आले, लेकीबाळी माहेरी आल्या, कुणी डफ आणला. मी काय करू? म्हटलं, लांबून बघतील. लावल्या पेट्या निंबाखाली, पंगत मांडतात तशा.

माय, तो दिवस मी विसरणार नाही. लोक पहिल्या पेटीपासून हळूहळू चालत निघाले. माती ओळखीची, मुरूमही ओळखीचा, मग काळा पाषाण, मग भोकाभोकांचा, त्यात पांढरे हिरवे खडे चमकणारे. शेवटच्या पेटीपाशी तू उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "हा दगड आजवर कोनीच पाह्यला नाई. यानंबी उजेड आजच पाह्यला." मी इतकी भूगर्भाची सादरीकरणं ऐकली होती, पण तिथे मला पहिल्यांदा दगडाकडे नीट बघावंसं वाटलं.

मग तू उठलीस. "नवा पाव्हना घरी आला, त्याले कोरडाच बसवता काय?" आणि घरातून तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी घेऊन आलीस. पुढचं तू नेहमी बदलायचीस, म्हणून सावकाश लिहिते. तू वाटी माझ्यापुढे धरलीस. म्हणालीस, "याले तू आनलं, तं पहिलं बोट तुहं." आणि मी बोट बुडवलं. साहेबांची अट, हात लावू नका, सगळं मला आठवत होतं. तरी बुडवलं आणि पहिल्या पेटीच्या पहिल्या दगडावर टेकवलं, वर हात जोडले. पहिलं बोट माझं होतं, माय. त्यानंतर तू, मग बाकीच्या बाया. प्रत्येक पेटीचा पहिला दगड शेंदरी झाला. नारळ फुटला, डफ वाजला, आणि वाटी हातात घेऊन मीही नाचले.

दुपारी शुद्धीवर आले. फडकी, पाणी, सगळ्या मिळून पुसत सुटलो. रंग गेला. डोळ्याला काही दिसेना. मी म्हटलं, सुटलो.

काही आठवड्यांनी अहवाल आला. तांबं नाही, पण शिसं सापडलं! तुमच्या काळ्या पाषाणात शिसं! मुख्यालयात पेढे वाटले म्हणे. हुकूम सुटला, मशीन वर न्या, मोहाच्या झाडापाशी. साहेब एकटे कपाळाला आठ्या घालून कागद बघत होते. "नंदाताई, गंमत बघा. शिसं प्रत्येक पेटीच्या पहिल्याच तुकड्यात आहे. बाकी कुठे नावाला नाही. निसर्ग इतका शिस्तीचा असतो होय?"

माझ्या डोळ्यांपुढे शेंदराची वाटी आली. घरी जाऊन मोबाइलवर शोधलं. शेंदूर शिशापासून करतात.

आठ दिवस मी गप्प बसले. हे मी तुला तेव्हा कधी नीट सांगितलं नाही, आता सांगते. मला मुंड्यांची जागा दिसत होती, तिथे उभं राहणारं मशीन दिसत होतं, तरी मी गप्प बसले. बोलले तर नोकरी जाणार आणि जानेफळला नाचक्की होणार, एवढंच मनात. नवव्या दिवशी तुझ्याकडे आले. खरं तर मला वाटत होतं, तूच काहीतरी मार्ग काढशील, म्हणजे मला धीर करावा लागणार नाही. याची मला आजही लाज वाटते.

तू ऐकलंस आणि इतकी हसलीस की ठसका लागला. "आमच्या शेंदरानं कंपनी पागल झाली!" मग एकदम थांबलीस. "मुंड्यापाशी मशीन येईन?"

"हो."

"मंग सांग ना त्याईले."

"माझी नोकरी जाईल, माय."

तू ज्वारीचं सूप बाजूला सारलंस. म्हणालीस, "उद्या तू मुकी बस. तुले तेवढं तरी जमते काय?"

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मुख्यालयाचे दोघे नकाशा पसरून बसले होते. तू ठेवणीतलं लुगडं नेसून आलीस आणि शेंदराची वाटी नकाशाच्या मधोमध ठेवलीस.

"हे घ्या तुमचं शिसं."

तू सरळ उभी राहून सांगितलंस, "ही बाई पानी प्याले गेली व्हती. तवा म्या लावला, साऱ्या पेट्याईले. नवा पाव्हना व्हता ना तो. पहिलं बोट माह्यं. दुसरं काई असन तं मले इचारा, तिले नाई."

साहेबांनी वाटी उचलली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि ते शांत साहेब असे हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. मुख्यालयाचे दोघे मात्र हसले नाहीत. मी तोंड उघडलं तेव्हा तू लुगड्याआडून माझ्या पायावर पाय दिलास. तुझा पाय जड होता गं.

मग दगड आतून कापून पुन्हा तपासले. शिसं नाही, तांबं नाही, काहीच नाही. भोक सिमेंटने बुजवलं, मशीन गेलं. पाणी प्यायला जाऊन पेट्या वाऱ्यावर सोडल्याबद्दल मला एक कडक पत्र मिळालं. नोकरी राहिली. गिरणी मात्र साहेबांनी मागे लागून लागून मिळवून दिली, आणि कागदपत्रं करून एक पेटी दगडही गावाला दिला. त्याला तुम्ही आता दर सणाला शेंदूर लावता. आता कंपनी जिथे जिथे भोक पाडते, तिथे आतला दगड गावाला दाखवते. साहेब याला सुमलीमायचा नियम म्हणतात. त्याच्या खाली मी एक ओळ घातली आहे: हळद चालेल, शेंदूर नाही.

एवढं सगळं झालं, आणि त्यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचे, माय, तू माझ्यासाठी खोटं बोललीस. तू म्हणायचीस, म्या कुठी खोटं बोलली, पहिलं बोट माह्यंच व्हतं. मी आवाज चढवायचे, तूही चढवायचीस. आजूबाजूचे लोक गंभीर तोंडं करून ऐकायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना काही ठाऊक नाही, यांच्यासमोर जपून बोलावं. माझी आई लवकर गेली, तुला माहीत होतं. माझ्याशी एवढा वेळ भांडायला त्यानंतर कुणी बसलंच नव्हतं. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू आणखी एक भाकरी वाढली असतीस.

काल तुझ्या सिडोलीचं ठरवायला सगळे जमले. साहेबही नागपूरहून आले होते. तुमच्या गावचे मुंडे कोरणारे मोतीबाबा सागाची फळी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, सूर्य, चंद्र, घोडा तर आलाच, बुढीचं आणखी काय काढू? मग काय विचारतेस! कुणी म्हणे गिरणी काढा, कुणी म्हणे रांजणाचं ब्लँकेट काढा, कुणी म्हणे मशीन काढा आणि वर सुमलीमायला बसवा. अंगणभर हशा. तुझा रामलाल म्हणाला, "शेंदराची वाटी काढा. माह्या मायनं एकटीच्या बोटानं डोंगर वाचवला."

ते 'एकटीच्या' ऐकून मला बसवेना. बोलण्यात चाललं होतं ते चाललं होतं. पण सागात कोरलेलं पुढच्या किती पिढ्या बघतील. मी उभी राहिले. साहेब समोरच होते. तरी सगळं सांगितलं. पाणी प्यायला मी कुठेही गेले नव्हते, पहिलं बोट माझं होतं, आठ दिवस मी गप्प बसले होते, सुमलीमाय माझ्यासाठी खोटं बोलली.

मोतीबाबांनी फळीवरचा भुसा फुंकला.

"झालं? बस मंग आता. हे साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"तिनं त्याच दिवशी घरोघरी जाऊन सांगतलं व्हतं. पहिलं बोट नंदीचं हाय, पन कंपनीवाल्यापुढं कोनी तोंड उघडाचं नाई. ज्यानं उघडलं त्याचं दळन गिरनीत घेनार नाई म्हने. गिरनी तं तवा आलीबी नव्हती!"

सगळं अंगण फुटलं हसायला. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, रामलालसुद्धा. आपण इतकी वर्षं तावातावाने भांडायचो आणि हे सगळे गंभीर तोंडं करून ऐकायचे, ते सगळं जाणूनबुजून! एका बाईने तर मला सांगितलं, "तू आली का आमी कामं सोडून येत व्हतो, तुमचं भांडन पाह्याले." अख्ख्या गावाने माझी नोकरी सांभाळली आणि मला पत्ता लागू दिला नाही. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि साहेब चष्मा पुसत म्हणाले, "नंदाताई, पेटी द्यायला आलो होतो तेव्हा एकाच्या मोबाइलवर त्या दिवसाचा व्हिडिओ बघितला मी. वाटी घेऊन फार छान नाचत होतात." त्यांचं मला आणखी एक कडक पत्र येईल असं वाटत नाही. आलं तर या वेळी त्यात पाणी नसेल, शेंदूर असेल.

मी मोतीबाबांना म्हटलं, मग मला पण काढा तिच्या बाजूला. ते खवळलेच. "जित्या मानसाले मुंड्यावर कोरत नाई, बाई! तुही बारी येऊ दे." मग थोडा विचार केला, खडूने फळीवर वाटी काढली, आणि वाटीच्या काठावर दोन बोटं काढली, एकाशेजारी एक, सारखीच.

"बोट चालते," म्हणाले. "कोनाचं कोनतं, ते म्या कोनाले सांगनार नाई."

माय, सिडोलीच्या दिवशी मुंड्याला हळद लागेल. रामलालने वाटी माझ्या हातात द्यायचं कबूल केलंय. पहिलं बोट माझंच असणार, सगळ्या गावासमोर. पटत नसेल तर ये भांडायला.